ऑनलाइन फ्रीलान्स एजन्सी

ऑनलाइन फ्रीलान्स एजन्सी म्हणजे मुक्त व्यावसायिकांकडून आंतरजालाच्या माध्यमातून काम करवून घेऊन ते ग्राहकांना पुरवणारा, किंवा ग्राहक व मुक्त व्यावसायिक यांची गाठ घालून देऊन त्याबद्दल कमिशन घेणारा व्यवसाय होय. अनुवाद, मुद्रितशोधन, लेखन, आरेखन, छायाचित्रण, चित्रफीत संपादन, आवाज देणे, संकेतस्थळ व संगणकप्रणाली विकसन, लेखापालन ही अशा एजन्सींची नेहमीची कार्यक्षेत्रे आहेत. एजन्सीचे स्वतःचे कर्मचारी थोडे असतात किंवा नसतातही. काम करणारी मंडळी वेगवेगळ्या गावांत किंवा देशांत राहतात आणि प्रत्येक कामापुरती करारबद्ध होतात.

असा व्यवसाय एक संगणक, आंतरजाल जोडणी आणि बँक खाते यांवर सुरू करता येतो. त्यामुळे तो बिनभांडवली समजला जातो. प्रत्यक्षात मुक्त व्यावसायिकांना पैसे देण्याची तारीख आणि ग्राहकाकडून पैसे येण्याची तारीख यांत अंतर असते व त्या काळासाठी खेळते भांडवल लागते. शिवाय काम बिघडल्यास किंवा बिल थकल्यास तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न प्रत्येक व्यवहारात असतो. एजन्सी स्वतःच्या नावाने काम घेते की केवळ मध्यस्थी करते, यावर तिचे उत्तरदायित्व, कर, प्रताधिकार आणि नफा या चारही बाबी अवलंबून असतात. या लेखातील कायदेविषयक माहिती मुख्यतः भारतासंबंधी आहे.

संज्ञा

'फ्रीलान्स' हा शब्द इंग्रजीत मूळचा भाडोत्री भालाईत सैनिकाला उद्देशून वापरला गेला. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीमुळे तो रूढ होण्यास मदत झाली. पुढे कोणत्याही एका मालकाशी बांधील नसलेल्या पत्रकार, लेखक व कलावंतांसाठी तो वापरात आला. मराठीत 'मुक्त व्यावसायिक', 'मुक्त पत्रकार', 'मुक्त लेखक' असे शब्द आहेत. बोलताना मात्र 'फ्रीलान्सर' हाच शब्द अधिक ऐकू येतो.

फ्रीलान्स एजन्सी ही नोकरभरती संस्थेपेक्षा वेगळी असते. नोकरभरती संस्था उमेदवार व मालक यांची भेट घडवते आणि नेमणूक झाल्यावर तिचे काम संपते. फ्रीलान्स एजन्सीचा संबंध काम पूर्ण होऊन पैसे चुकते होईपर्यंत टिकतो. परदेशात प्रत्यक्ष नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या संस्थांना भारतात उत्प्रवासन अधिनियम, १९८३ अन्वये नोंदणी बंधनकारक आहे. भारतात बसून परदेशी ग्राहकाचे काम करून देणे हा व्यवहार त्याहून निराळा आहे.

इतिहास

कलावंतांच्या वतीने काम मिळवून त्यावर कमिशन घेणाऱ्या संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाट्य व मनोरंजन क्षेत्रात उदयास आल्या. विल्यम मॉरिस एजन्सीची स्थापना न्यूयॉर्क येथे १८९८ मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कार्यालयांना तात्पुरते मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या वाढल्या. डेट्रॉइटमध्ये १९४६ साली सुरू झालेली केली सर्व्हिसेस आणि मिलवॉकीमध्ये १९४८ साली सुरू झालेली मॅनपॉवर या त्यांपैकी आरंभीच्या होत. पहिल्या प्रकारच्या संस्था कलावंताच्या प्रतिनिधी होत्या, तर दुसऱ्या प्रकारच्या संस्था ग्राहकाला सेवा विकत होत्या. आजच्या फ्रीलान्स एजन्सीत या दोन्ही परंपरा दिसतात.

आंतरजालाच्या प्रसारानंतर मुक्त व्यावसायिकांसाठी ऑनलाइन बाजारपेठा निर्माण झाल्या. इलान्स ही कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि ओडेस्क २००३ मध्ये सुरू झाली. या दोन कंपन्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये विलीनीकरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये 'अपवर्क' हे नाव स्वीकारले. ऑस्ट्रेलियातील फ्रीलान्सर डॉट कॉम २००९ मध्ये आणि इस्रायलमधील फायव्हर २०१० मध्ये सुरू झाले. या बाजारपेठांवर एकेकट्या व्यावसायिकांबरोबर छोट्या एजन्सीही काम मिळवू लागल्या. अनेक लहान एजन्सींचा उगम असाच होतो: एखाद्या व्यावसायिकाकडे स्वतःला झेपेल त्याहून अधिक काम येते, तो ते परिचितांना वाटून देतो आणि हळूहळू वाटून देणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय बनतो.

भारतात निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये गिग कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती व २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असा अंदाज होता. या संख्येत वाहनचालक, घरपोच सेवा देणारे कामगार आणि कौशल्याधारित मुक्त व्यावसायिक या सर्वांचा समावेश आहे.

कामकाजाच्या पद्धती

मध्यस्थ पद्धत: या पद्धतीत करार ग्राहक आणि मुक्त व्यावसायिक यांच्यात होतो. बिल व्यावसायिक देतो. एजन्सी दोघांची गाठ घालून देते, वाटाघाटीत मदत करते आणि ठरलेले कमिशन घेते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात अभिकर्ता म्हणजे एजंट व त्याला नेमणारा मुख्य पक्ष यांच्या संबंधांचे नियम आहेत. त्यातील कलम २३० नुसार विरुद्ध करार नसल्यास अभिकर्ता मुख्य पक्षाच्या वतीने केलेल्या कराराने व्यक्तिशः बांधला जात नाही. काही अपवाद वगळता काम बिघडल्याची जबाबदारी अशा एजन्सीवर येत नाही.

कंत्राटदार पद्धत: या पद्धतीत दोन स्वतंत्र करार असतात. ग्राहकाचा करार एजन्सीशी आणि एजन्सीचा करार मुक्त व्यावसायिकाशी होतो. ग्राहकाला बिल एजन्सी देते. काम वेळेवर व ठरल्या दर्जाचे होईल ही हमी तिचीच असते. एखादा व्यावसायिक मध्येच काम सोडून गेला, तरी ग्राहकाला उत्तर एजन्सीलाच द्यावे लागते. ग्राहकाने पैसे बुडवले, तरी व्यावसायिकाचा मोबदला देणे तिला चुकत नाही. या जोखमीच्या बदल्यात विक्रीचा दर ठरवण्याची मोकळीक व अधिक नफा तिला मिळतो.

अनेक नवख्या एजन्सी पद्धत न ठरवताच काम सुरू करतात: ग्राहकाशी बोलताना कंत्राटदार असतात आणि अडचण आली की स्वतःला मध्यस्थ म्हणवतात. वाद उद्भवल्यास मात्र एजन्सीने स्वतःला काय म्हटले होते यापेक्षा बिल कोणी दिले, पैसे कोणाच्या खात्यात आले आणि करारात कोणते पक्ष होते या गोष्टींना अधिक महत्त्व येते.

एजन्सीची उभारणी

क्षेत्राची निवड: लहान एजन्सी बहुधा एकाच क्षेत्रावर किंवा एकाच प्रकारच्या ग्राहकांवर लक्ष केंद्रित करते. सर्व प्रकारची कामे घेणाऱ्या एजन्सीला प्रत्येक कामाचा दर्जा तपासता येत नाही. ज्या कामाची पारख संस्थापकाला स्वतःला आहे, त्यातच हमी देणे शक्य असते. मराठीपुरते पाहिल्यास अनुवाद, उपशीर्षके, मुद्रितशोधन व आवाज देणे ही अशी क्षेत्रे आहेत. मराठी अनुवादाचा दर सामान्यतः मूळ मजकुरातील शब्दसंख्येवर ठरतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा की छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या टंकप्रणालीत, हे आधी ठरवावे लागते. रूपांतर करताना जोडाक्षरे व रफार बिघडू शकतात आणि दुरुस्तीचे काम अंगावर पडते.

व्यावसायिकांची निवड: पूर्वी केलेल्या कामाचे नमुने, आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय आणि छोटे चाचणी काम या तीन मार्गांनी निवड केली जाते. नमुन्यावरून क्षमता कळते, परंतु मुदत पाळण्याची सवय चाचणीतूनच दिसते. चाचणी काम थोडे असावे व ते ग्राहकाला विकले जाणार असेल तर त्याचा मोबदला दिला जावा, असा संकेत आहे. प्रत्येक प्रकारच्या कामासाठी किमान दोन व्यावसायिक तयार ठेवणे आवश्यक मानले जाते; एकाच व्यक्तीवर अवलंबून असलेली एजन्सी त्या व्यक्तीच्या आजारपणात बंद पडते.

काम सोपवणे व तपासणे: कामाचे लेखी टिपण हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. त्यात कामाचे स्वरूप, प्रमाण, मुदत, मोबदला, फायलीचा प्रकार आणि किती वेळा फेरबदल करून दिले जातील याची संख्या नमूद केलेली असते. फेरबदलांची संख्या न ठरवल्यास ग्राहक वाढीव काम मागत राहतो. तेव्हा एजन्सीला एक तर व्यावसायिकाकडून ते फुकट करून घ्यावे लागते किंवा त्याचा खर्च स्वतः सोसावा लागतो. ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराकडून काम तपासून घेणे हा एजन्सीच्या सेवेचा गाभा असतो.

कायदेशीर स्वरूप व नोंदणी

भारतात लहान एजन्सी पुढीलपैकी एका स्वरूपात चालवली जाते.

एकल मालकी: स्थापनेची वेगळी प्रक्रिया नसते, परंतु व्यवसायाच्या देण्यांसाठी मालकाची खासगी मालमत्ताही जबाबदार धरली जाते.

भागीदारी संस्था: भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ लागू होतो. भागीदारांची जबाबदारी अमर्याद असते.

मर्यादित दायित्व भागीदारी: २००८ च्या अधिनियमानुसार नोंदणी होते. उलाढाल ४० लाख रुपयांहून किंवा भागीदारांचे योगदान २५ लाख रुपयांहून अधिक झाल्यास लेखापरीक्षण आवश्यक ठरते.

एकल व्यक्ती कंपनी व खासगी मर्यादित कंपनी: कंपनी अधिनियम, २०१३ खाली नोंदणी होते. खासगी कंपनीसाठी किमान दोन सभासद लागतात. वार्षिक विवरणे व लेखापरीक्षण बंधनकारक असते.

मध्यस्थ पद्धतीत जोखीम कमी असल्याने एकल मालकी बहुधा पुरेशी ठरते. मोठ्या रकमेची कामे कंत्राटदार म्हणून घेणाऱ्यांना मर्यादित दायित्वाचे स्वरूप अधिक सुरक्षित असते.

सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी ही ऑनलाइन व निःशुल्क आहे. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमानुसार व्यवसाय कर लागू होतो. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमात, तो मूळ संमत झाला तेव्हा, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची तरतूद होती.

करार

प्रताधिकार: प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला प्रताधिकारधारक सर्वसाधारणपणे तिचा कर्ता असतो. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रताधिकार विरुद्ध करार नसल्यास मालकाकडे जातो. मुक्त व्यावसायिक हा नोकर नसल्याने त्याला हा अपवाद लागू होत नाही. मोबदला देऊन करवून घेतलेले छायाचित्र, चित्र किंवा चित्रपट यांसाठी वेगळा नियम असून तेथे काम सांगणारी व्यक्ती पहिली धारक ठरते. लेख, अनुवाद किंवा संगणकप्रणाली यांच्या बाबतीत मात्र केवळ पैसे दिल्याने प्रताधिकार ग्राहकाकडे जात नाही.

कलम १९ नुसार प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. म्हणून कंत्राटदार पद्धतीत हस्तांतरणाची साखळी दोन टप्प्यांची असते: प्रथम व्यावसायिकाकडून एजन्सीकडे, नंतर एजन्सीकडून ग्राहकाकडे. पहिला टप्पा लेखी नसेल तर एजन्सी स्वतःकडे नसलेली गोष्ट ग्राहकाला विकत असते. मोबदला पूर्ण दिल्यानंतरच हस्तांतरण अमलात येईल, असे कलम घातल्यास व्यावसायिकाचेही संरक्षण होते.

थेट व्यवहारास मनाई: ओळख झाल्यावर ग्राहक आणि व्यावसायिक यांनी एजन्सीला वगळून थेट व्यवहार करणे ही या व्यवसायातील नित्याची अडचण आहे. ती टाळण्यासाठी करारात मनाईचे कलम घातले जाते. मात्र भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार, मर्यादित अपवाद वगळता, शून्यवत ठरतो. परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र लागू केले. क्रिकेटपटू झहीर खान यांनी २००० मध्ये या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यानंतरही अन्य कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी तो कंपनीपुढे ठेवावा, अशी अट त्यात होती. करार संपल्यानंतरच्या काळासाठी अशी अट लादता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. कराराच्या मुदतीत लागू असणाऱ्या वाजवी निर्बंधांकडे न्यायालये वेगळ्या दृष्टीने पाहतात. परिणामी, कराराचे कलम एजन्सीला दीर्घकाळ तारू शकत नाही. काम तपासून देणे, पैसे वेळेवर देणे आणि अडचणीत पर्यायी माणूस उभा करणे यांमुळेच दोन्ही पक्ष तिच्याकडे टिकून राहतात.

नोकर की मुक्त व्यावसायिक: करारात 'मुक्त व्यावसायिक' असा शब्द वापरल्याने प्रश्न निकालात निघत नाही. धरंगधरा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य या १९५६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या पद्धतीवर मालकाचे नियंत्रण किती, ही कसोटी महत्त्वाची मानली आणि तयार केलेल्या मिठाच्या प्रमाणात मोबदला घेणाऱ्या अगरियांना कामगार ठरवले. ठरावीक वेळ, रजेची परवानगी आणि इतरत्र काम करण्यास बंदी अशा अटी घालणाऱ्या एजन्सीला नोकरीच्या नात्यातून येणाऱ्या जबाबदाऱ्यांना सामोरे जावे लागू शकते.

वैयक्तिक माहिती: व्यावसायिकांचे पॅन, बँक खाते व पत्ते एजन्सीकडे साठवले जातात. त्यांच्या वापरासाठी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि त्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम संबंधित आहेत.

अर्थकारण

दोन्ही पद्धतींतील फरक पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. एका एजन्सीमार्फत दरमहा तीन ग्राहकांचे प्रत्येकी १,००,००० रुपयांचे, म्हणजे एकूण ३,००,००० रुपयांचे काम होते असे मानू.

कंत्राटदार पद्धतीत व्यावसायिकांना ७० टक्के म्हणजे २,१०,००० रुपये द्यायचे असतील, तर एजन्सीकडे ९०,००० रुपये उरतात. त्यातून तपासणी, हिशेब, जाहिरात व संस्थापकाचे मानधन भागवायचे असते. व्यावसायिकांना १५ दिवसांत पैसे दिले आणि ग्राहकांकडून ते ४५ दिवसांनी आले, तर मधल्या ३० दिवसांसाठी २,१०,००० रुपये एजन्सीला स्वतःचे घालावे लागतात. तिघांपैकी एका ग्राहकाने पैसे बुडवल्यास २,००,००० रुपये हाती येतात आणि २,१०,००० रुपये द्यायचे असतात. म्हणजे एका ग्राहकाच्या थकबाकीने उरलेल्या दोघांकडून मिळालेला सर्व नफा जाऊन वर १०,००० रुपयांचा तोटा होतो.

मध्यस्थ पद्धतीत २० टक्के कमिशन धरल्यास ६०,००० रुपये मिळतात. एक ग्राहक बुडाल्यास फार तर त्याच्यावरील २०,००० रुपयांचे कमिशन जाते. उरलेला ८०,००० रुपयांचा तोटा व्यावसायिकाला सोसावा लागतो. जोखीम नाहीशी होत नाही, ती केवळ एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकते.

या कारणांमुळे आगाऊ रक्कम घेणे, मोठ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला बिल देणे आणि एकाच ग्राहकावर उत्पन्नाचा मोठा भाग अवलंबून न ठेवणे हे उपाय केले जातात. ऑनलाइन बाजारपेठेतून काम मिळवल्यास तिचे शुल्कही हिशेबात धरावे लागते; फायव्हर विक्रेत्याच्या उत्पन्नातून २० टक्के कापून घेते.

कर

वस्तू व सेवा कर: बहुतेक राज्यांत सेवा पुरवठादाराची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास नोंदणी आवश्यक असते. वरील उदाहरणात कंत्राटदार एजन्सीची उलाढाल वर्षाला ३६ लाख रुपये होते व सातव्या महिन्यातच ही मर्यादा ओलांडली जाते. मध्यस्थाची उलाढाल केवळ कमिशनची, म्हणजे ७.२० लाख रुपये असते. १८ टक्के दराने कंत्राटदाराला दरमहा ५४,००० रुपयांच्या कराचे बिल करावे लागते. मुक्त व्यावसायिक नोंदणीकृत नसतील तर त्यांच्याकडील खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. बिल वेळेत दिलेले असल्यास कर त्याच्या तारखेनुसार देय होतो, ग्राहकाने पैसे चुकते केल्यावर नव्हे. त्यामुळे रोखीचा ताण आणखी वाढतो.

एजन्सीने संकेतस्थळ उभारून इतरांच्या सेवा त्यावर विकल्या आणि ग्राहकांचे पैसे स्वतः गोळा केले, तर ती 'ई-कॉमर्स ऑपरेटर' ठरू शकते. अशा स्थितीत स्रोतावर कर गोळा करण्याची व उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची जबाबदारी येते.

परदेशी ग्राहक: भारतातून पुरवलेली सेवा निर्यात ठरल्यास तिच्यावर शून्य दराने कर लागतो. त्यासाठी पुरवठ्याचे ठिकाण भारताबाहेर असणे व मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने अनुमती दिलेल्या प्रकरणी रुपयांत मिळणे आवश्यक असते. 'मध्यस्थ' सेवांच्या बाबतीत मात्र एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १३(८)(ब) नुसार पुरवठ्याचे ठिकाण पुरवठादाराचे ठिकाण मानले गेले. त्यामुळे परदेशी ग्राहकाकडून घेतलेल्या कमिशनवरही भारतात कर आकारला जाऊ लागला व त्यातून बरेच वाद झाले. सप्टेंबर २०२५ मधील ५६ व्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने ही तरतूद वगळण्याची शिफारस केली.

आयकर: व्यावसायिक सेवांच्या देयकातून आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९४जे नुसार १० टक्के उद्गम कर कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. ही कपात नफ्यावर नसून संपूर्ण बिलावर होते. वरील उदाहरणात कंत्राटदाराच्या ३,००,००० रुपयांतून ३०,००० रुपये कापले जातात, म्हणजे त्याच्या ९०,००० रुपयांच्या शिलकीचा एकतृतीयांश भाग विवरणपत्र भरून परतावा किंवा समायोजन होईपर्यंत हाती येत नाही. कंपनी किंवा भागीदारी स्वरूपातील एजन्सीला व्यावसायिकांच्या देयकातूनही कपात करून ती रक्कम शासनाकडे भरावी लागते. एकल मालकाला ही जबाबदारी आधीच्या वर्षीच्या उलाढालीची विहित मर्यादा ओलांडल्यावरच येते. छोट्या व्यवसायांसाठी असलेली कलम ४४एडी ची अनुमानित कराची सवलत कमिशन व एजन्सी व्यवसायाला मिळत नाही. येथील कलमांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत. त्याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले.

मुक्त व्यावसायिकांचे संरक्षण

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा आकारणीचे चक्रवाढ व्याज देय होते. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे करता येते. ही तरतूद दुधारी आहे: उद्यम नोंदणी केलेली एजन्सी ग्राहकाविरुद्ध तिचा आधार घेऊ शकते, तसाच नोंदणी केलेला मुक्त व्यावसायिक एजन्सीविरुद्ध घेऊ शकतो. 'ग्राहकाने दिले तर देऊ' ही अट या मुदतीपुढे टिकणे कठीण असते.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या प्रथमच करण्यात आल्या. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या सातव्या अनुसूचीतील समूहकांच्या यादीत व्यावसायिक सेवा पुरवणाऱ्या व आशय-माध्यम सेवांच्या प्लॅटफॉर्मचाही उल्लेख आहे. समूहकाने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र कामगारांना देय रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत, अंशदान देण्याची तरतूद आहे. समूहकाच्या व्याख्येचा भर सेवा घेणारा आणि देणारा यांना जोडणाऱ्या डिजिटल मध्यस्थावर असल्याने येथेही एजन्सीची कार्यपद्धती निर्णायक ठरते.

इतर देशांत

न्यूयॉर्क शहरात १५ मे २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ८०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेच्या मुक्त कामासाठी लेखी करार आवश्यक आहे. करारात तारीख नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मोबदला द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात कलावंतांना काम मिळवून देणाऱ्या टॅलेंट एजन्सींना परवाना घ्यावा लागतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मवरील कामाविषयी निर्देश संमत केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, असे तत्त्व मांडले आहे. त्याला मर्यादित अपवादांची मुभा आहे. भारताने या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही.

टीका व गैरप्रकार

एजन्सी ग्राहकाकडून किती घेते हे व्यावसायिकाला सांगत नाही, अशी टीका वारंवार होते. कंत्राटदार पद्धतीत हे बेकायदेशीर नाही. मध्यस्थ पद्धतीत मात्र व्यावसायिकाचा अभिकर्ता म्हणून वागणाऱ्या एजन्सीने त्याच्या नकळत व्यवहारातून लाभ मिळवल्यास करार अधिनियमाच्या कलम २१६ नुसार तो लाभ मागण्याचा हक्क व्यावसायिकाला असतो. चाचणीच्या नावाखाली प्रत्यक्ष काम फुकट करून घेणे, अनुभवी व्यक्तीचे नमुने दाखवून नवख्याकडून काम करवणे आणि ऑनलाइन बाजारपेठेवरील दुसऱ्याचे खाते भाड्याने वापरणे हे इतर गैरप्रकार आहेत.

घरबसल्या काम देण्याचे आमिष दाखवून नोंदणी शुल्क किंवा अनामत उकळणाऱ्या टोळ्याही स्वतःला एजन्सी म्हणवतात. खरी एजन्सी काम देण्यासाठी आगाऊ पैसे मागत नाही. तिचे उत्पन्न ग्राहकाने दिलेल्या रकमेतून येते. भारतात अशा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंदवता येते.

लेखन, अनुवाद व आरेखन ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी अंशतः होऊ लागल्याने करारांत नव्या अटी येत आहेत. अशी साधने वापरली असल्यास ते ग्राहकाला कळवणे, त्याचा गोपनीय मजकूर त्यांत न घालणे आणि अंतिम मजकूर माणसाने तपासणे, या त्यांतील प्रमुख अटी होत. काम कोणत्याही साधनाने झाले तरी कंत्राटदार म्हणून ते स्वतःच्या नावाने सुपूर्द करणारी एजन्सीच ग्राहकाला जबाबदार राहते.